मंदीत राज्याचं बजेट कसं सावरायचं: महाराष्ट्राच्या २०२०-२१ वरून एकेक पायरी

६ मार्च २०२० ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी बजेट मांडलं. महसुली जमा (कर, शुल्क, केंद्राचा वाटा असा परत फेडावा न लागणारा पैसा) धरली होती ३ लाख ४७ हजार ४५७ कोटी, महसुली खर्च ३ लाख ५६ हजार ९६८ कोटी, म्हणजे महसुली तूट ९ हजार ५११ कोटी. तीन दिवसांनी पुण्यात कोरोनाचे पहिले पेशंट सापडले आणि महिना संपायच्या आत सगळं राज्य बंद. वर्ष संपल्यावर कॅगच्या (सरकारचे हिशोब तपासणाऱ्या यंत्रणेच्या) हिशोबात प्रत्यक्ष महसुली जमा आली २ लाख ६९ हजार ४६८ कोटी. बजेटपेक्षा जवळपास ७८ हजार कोटी कमी. तूट गेली ४१ हजार १४२ कोटींवर.

आता प्रश्न असा की एवढं मोठं भगदाड पडल्यावर राज्य सरकारने करायचं काय, आणि कुठल्या क्रमाने करायचं? याच्यावर मराठीत नीट सलग लिहिलेलं फार कमी मिळतं, म्हणून हे लिहितोय. एमपीएससीवाले, बजेट कव्हर करणारे नवे रिपोर्टर, जिल्हा परिषदेत बसणारे लोक, सगळ्यांना उपयोग व्हावा. उदाहरण आपल्याच राज्याचं घेतलंय कारण आकडे उपलब्ध आहेत आणि चांगले वाईट दोन्ही धडे त्यात आहेत.

आधी एक गोष्ट क्लिअर करू

मंदीत बजेट बॅलन्स करायचं म्हणजे त्याच वर्षी तूट शून्य करायची असं नाही. तसं करायला गेलात तर लोकांकडे पैसा नाही तेव्हाच सरकारही खर्च बंद करणार, मग मागणी अजून पडणार, टॅक्स अजून कमी येणार. घरात पगार कमी झाला की आपण खर्च कमी करतो तसं सरकारनेही करावं असं बरेच जण म्हणतात, पण घराने किराणा कमी घेतला म्हणून घराचा पगार अजून घटत नाही, सरकारचं मात्र नेमकं तसंच होतं.

दुसरी बाजू पण आहे. राज्याला नोटा छापता येत नाहीत, आणि कर्जही मनाला येईल तेवढं काढता येत नाही. केंद्राचं कर्ज डोक्यावर असेल तर नवीन कर्जासाठी घटनेच्या कलम २९३(३) खाली केंद्राची परवानगी लागते, आणि तुटीला लगाम घालणारा आपला स्वतःचा २००५ चा राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा आहेच. म्हणून इथे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेवायचे: आज तिजोरीत रोख आहे का, वर्षाचा खड्डा किती आणि तो कशाने भरायचा, आणि पुढच्या पाच-दहा वर्षांत हे कर्ज झेपणार का. बहुतेक गोंधळ हे तीन प्रश्न एकत्र कालवल्याने होतो.

पायरी १: जमेचा अंदाज लगेच नव्याने काढा, आणि एकेका कराचा वेगळा काढा

बजेटमधला आकडा मेला हे जितक्या लवकर मान्य कराल तितकं बरं. एकूण जमेवर सरसकट वीस टक्के कमी धरून चालत नाही, प्रत्येक कराची चाल वेगळी असते.

मुद्रांक शुल्क सगळ्यात आधी कोसळतं, कारण भीती वाटली की माणूस पहिलं घर घेणं पुढे ढकलतो. दारूवरचं उत्पादन शुल्क मंदीत फारसं पडत नाही, दुकानं बंद केली तरच पडतं. पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट गाड्या किती फिरतात त्यावर. जीएसटी सगळ्यात मोठा, पण त्याचा आकडा एक महिना उशिरा बोलतो, कारण या महिन्याच्या व्यवहाराचं रिटर्न पुढच्या महिन्यात भरतात. एप्रिल २०२० मध्ये देशभराचं जीएसटी कलेक्शन साधारण ३२ हजार कोटी आलं, आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ते १ लाख १३ हजार कोटींच्या वर होतं. शिवाय त्या वेळी रिटर्न भरायला मुदतवाढ दिलेली होती, त्यामुळे त्या एका आकड्यावरून वर्षाचा अंदाज बांधणंही चूकच ठरलं असतं.

आणि एक सापळा नीट लक्षात ठेवा, केंद्रीय करातला हिस्सा. केंद्र हे पैसे वर्षभर आपल्या बजेट अंदाजाप्रमाणे हप्त्याहप्त्याने देत राहतं, म्हणून सुरुवातीचे काही महिने वाटतं की हा झरा चालू आहे. मग केंद्राचे सुधारित अंदाज येतात आणि राहिलेल्या हप्त्यांतून कापलं जातं. २०२०-२१ मध्ये सगळ्या राज्यांना मिळून ७ लाख ८४ हजार कोटी मिळतील असं बजेट होतं, सुधारित अंदाजात ते साडेपाच लाख कोटींवर आलं. महाराष्ट्राचा त्या वर्षीचा वाटा होता ६.१३५ टक्के, बाकी गुणाकार तुम्ही करा. त्यात परत मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढवले ते सेस आणि विशेष शुल्काच्या रूपात, ज्यात राज्यांना वाटा नसतो. म्हणजे पंपावर भाव वाढले पण राज्याच्या हिश्शात त्यातलं काही आलं नाही.

तर करायचं असं की तीन चित्रं तयार करायची: वाईट, जास्त वाईट, आणि अगदीच वाईट. निर्णय मधल्या चित्रावर घ्यायचे आणि तिसऱ्यासाठी काय काय थांबवायचं याची यादी आधीच करून ठेवायची. दर महिन्याला आकडे बदलायचे. हे का म्हणतोय तर मार्च २०२१ मध्ये मांडलेल्या सुधारित अंदाजात महसुली जमा २ लाख ८९ हजार ४९८ कोटी धरली होती, आणि वर्ष संपायला तीन-चार आठवडे असताना काढलेला हा अंदाजही सुमारे २० हजार कोटींनी चुकला. यातला काही भाग जीएसटी भरपाईचा (जीएसटीत कमी पडेल ते केंद्राने द्यायचं, त्या पैशाचा) आहे, ती कर्जाच्या रूपात आली म्हणून महसुलात धरली गेली नाही, तरीपण धडा तोच आहे.

पायरी २: रोख आधी, बाकी नंतर

वर्षाचा हिशोब कागदावर जुळला तरी एक तारखेला पगाराला पैसे नसतील तर काही अर्थ नाही. राज्यांची बँक म्हणजे रिझर्व्ह बँक. रोजच्या रोज कमी-जास्त झालं तर तिच्याकडून थोड्या दिवसांची उचल मिळते, वेज अँड मीन्स म्हणतात तिला, आणि ती मर्यादा संपली की ओव्हरड्राफ्ट. एप्रिल २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने या उचलीची मर्यादा ३१ मार्चच्या पातळीपेक्षा ६० टक्क्यांनी वाढवली आणि ओव्हरड्राफ्टमध्ये सलग राहायचे दिवस १४ वरून २१ केले. ही सोय श्वास घ्यायला आहे, त्यातून पगार भागवायची सवय लागली की संपलं.

वित्त विभागाने इथे तेरा आठवड्यांचा रोखीचा तक्ता करावा: कुठल्या आठवड्यात काय येणार, काय जाणार, कुठलं जुनं कर्ज फेडीला येतंय. आणि देण्याचा क्रम लिहून ठेवावा. आधी व्याज आणि मुद्दल, मग पेन्शन आणि खालच्या श्रेणीचे पगार, औषधं आणि रेशन, मग बाकीचे पगार, मग चालू कामांची बिलं, मग उरलेलं सगळं.

त्याच वेळी विभागांनी, महामंडळांनी, जिल्हा परिषदांनी बँकेत काढून ठेवलेला अखर्चित निधी बाहेर काढायचा. ३१ मार्चला न वापरलेला निधी रद्द (व्यपगत) होऊ नये म्हणून पैसे कोषागारातून काढून कुठल्यातरी खात्यात टाकायची जुनी खोड आहे. म्हणजे एका हाताने सरकार कर्ज काढतंय आणि दुसऱ्या हाताचे पैसे सेव्हिंग खात्यात पडून! मंदीच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक विभागाकडून खात्यांची यादी मागवा, शिल्लक बघा आणि परत भरून घ्या. कुठला नवा कर न लावता मिळणारा हाच पहिला पैसा.

मार्च २०२० च्या पगाराचं उदाहरण इथे बघण्यासारखं आहे. मंत्री-आमदारांना ६० टक्के, अ आणि ब वर्गाला ५० टक्के, क वर्गाला २५ टक्के कपात आणि ड वर्गाला काही नाही असं जाहीर झालं. श्रेणीनुसार केलं ते योग्यच होतं, शिपायाचा पगार कापून राज्य वाचत नसतं. पण ती कपात आहे की पगार दोन टप्प्यांत मिळणार आहे हे पहिल्या घोषणेतून लोकांना कळलंच नाही, मग खुलासा करावा लागला की टप्प्यांत देणार आहोत. ऐन साथीत काम करणाऱ्या नर्सला आणि पोलिसाला असा धक्का द्यायची काहीच गरज नव्हती. पगाराचा निर्णय एका वाक्यात सांगता आला पाहिजे: किती, कधी, आणि उरलेला कुठल्या तारखेला.

पायरी ३: खर्चाची चाळणी

ही सगळ्यात अवघड पायरी, आणि माझं मत विचाराल तर इथेच आपलं चुकलं.

४ मे २०२० चा वित्त विभागाचा जीआर बऱ्याच जणांना आठवत असेल. विकासकामांच्या तरतुदीपैकी ३३ टक्केच निधी मिळेल, नवीन योजना नाही, नवीन कामं नाहीत, नवीन भरती नाही, खरेदी बंद. आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न-नागरी पुरवठा, मदत-पुनर्वसन यांना प्राधान्य. घाईच्या क्षणी असा सरसकट ब्रेक लावणं समजू शकतं, रोख वाचवायची होती आणि माहिती कुणाकडेच पुरेशी नव्हती. पण असा ब्रेक दोन-तीन महिन्यांपुरता असावा, तेवढ्या वेळात खरी चाळणी करायची. कारण ३३ टक्क्यांची कात्री ऐंशी टक्के झालेल्या पुलालाही लागते आणि कुणीतरी मागितलेल्या स्वागत कमानीलाही तेवढीच लागते. अर्धवट पुलाचा उपयोग शून्य, ठेकेदाराची यंत्रं तशीच पडून, पुढच्या वर्षी त्याच पुलाचा खर्च वाढलेला.

चाळणी कशी करायची? बजेटमध्ये अनिवार्य खर्च आणि कार्यक्रम खर्च अशी विभागणी असतेच, तिथून सुरू करा. अनिवार्य म्हणजे पगार, पेन्शन, व्याज वगैरे, यात लगेच फार काही करता येत नाही, महागाई भत्त्याची वाढ थांबवता येते तेवढी. केंद्राने जानेवारी २०२० पासूनचे तीन हप्ते गोठवले आणि महाराष्ट्रानेही तोच मार्ग घेतला. मग कार्यक्रम खर्चातलं प्रत्येक काम चार प्रश्नांतून काढा: किती टक्के पूर्ण झालंय, त्यात मजुरी किती जाते, केंद्राचा जोड निधी येणार आहे का, आणि थांबवलं तर नंतर महाग पडणार का. ज्या योजनेत राज्याने चाळीस रुपये टाकले की केंद्राचे साठ येतात ती कापलीत तर चाळीस वाचवायला शंभर घालवले. हे ढोबळ कापाकापीत हमखास होतं, कारण कापणारा फक्त राज्याच्या तरतुदीकडे बघत असतो. आणि ज्या कामाची वर्कऑर्डरच निघालेली नाही ते बिनधास्त पुढे ढकला.

अडचण अशी की भांडवली खर्च, म्हणजे रस्ते-पूल-इमारती उभारायचा खर्च, कापणं सोपं असतं. न झालेला रस्ता मोर्चा काढत नाही, न बांधलेलं ग्रामीण रुग्णालय कोर्टात जात नाही. त्यामुळे दर मंदीत हाच बळी जातो. २०१९-२० मध्ये महाराष्ट्राचा भांडवली खर्च ३६ हजार कोटींच्या आसपास होता, २०२०-२१ मध्ये तो ३० हजार कोटींच्या खाली आला. महसुली खर्च मात्र ३ लाख कोटींवरून ३ लाख १० हजार कोटींवर गेला. काही कामं लॉकडाऊनमुळे, मजूर गावी गेल्यामुळेही थांबली हे खरंय, पण कात्रीने त्यात भर टाकली.

पायरी ४: न दिलेली बिलं हे पण कर्जच आहे

तूट कमी दाखवायचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे बिलं न देणं. ठेकेदाराचं काम झालंय, मोजमाप पुस्तिकेत नोंद झालीय, बिल तयार आहे पण बीम्सवर (निधी वाटपाच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर) निधीच वितरित नाही. कागदावर खर्च दिसत नाही, तूट आटोक्यात, आणि तालुक्यातला छोटा कंत्राटदार सावकाराकडे. त्याच्याकडचे मजूर, त्याला खडी-सिमेंट देणारा दुकानदार, सगळी साखळी अडकते, म्हणजे ज्या मंदीशी आपण लढतोय तिलाच आपण खतपाणी घालतोय.

कर्जमाफीचं पण बघा. महात्मा जोतिराव फुले योजना डिसेंबर २०१९ ला जाहीर झाली, दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज माफ. मध्येच कोरोना आला, राहिलेल्या शेतकऱ्यांचे पैसे देता येईनात, तेव्हा मे २०२० मध्ये बँकांना सांगितलं गेलं की ही रक्कम 'शासनाकडून येणे' अशी दाखवा आणि शेतकऱ्याला खरिपाला नवीन कर्ज द्या. हेतू चांगला होता, पण बँकेचा मॅनेजर पैसे आल्याशिवाय नवीन कर्ज द्यायला का कू करणारच. नियमित फेड करणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन द्यायची घोषणा मार्च २०२० च्या बजेटात होती, ती रक्कम खात्यात पडायला २०२२ उजाडलं.

त्यामुळे नियम असा करा: प्रत्येक विभागाने दर तिमाहीला थकीत देयकांचा आकडा जाहीर करायचा, आणि तो तुटीच्या शेजारीच छापायचा. लहान रकमेची बिलं आधी निकाली काढायची, कारण त्यातला पैसा गावातच फिरतो. मोठ्या कंपन्यांना थांबवता येतं, त्यांच्याकडे बँकेची लाइन असते.

पायरी ५: जमा वाढवायची, पण कुणाच्या खिशातून

मंदीत कर वाढवायला जागा फार नसते. १ जून २०२० पासून राज्याने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये वाढवले. जमा लगेच येते हा फायदा, पण डिझेल वाढलं की भाजीपासून वाळूपर्यंत सगळं वाढतं. असा कर लावायचाच असेल तर संपायची तारीख लिहून लावावा.

उलटा प्रयोग जास्त शिकण्यासारखा आहे. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मंत्रिमंडळाने मुद्रांक शुल्क शहरात ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर, आणि पुढे मार्चअखेरपर्यंत ३ टक्के. रेट निम्म्याहून खाली! झालं काय, तर डिसेंबरमध्ये एकट्या मुंबईत १९ हजारांच्या वर दस्तनोंदणी झाली, ऑफिसांपुढे रांगा लागल्या. मुद्रांक-नोंदणीची वर्षाची जमा आदल्या वर्षीच्या २८ हजार कोटींवरून २५ हजार कोटींच्या आसपास आली, म्हणजे वर्षाचे पहिले महिने कोरडे गेले असूनही दहाएक टक्केच घट. हे जमलं कारण मुदत ठरलेली होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. मुदत वाढवत राहिला असतात तर लोक थांबून राहिले असते. अर्थात यातली काही खरेदी पुढच्या वर्षाची अलीकडे ओढलेली असते, म्हणून पुढच्या वर्षाचा अंदाज काढताना ती वजा करायला विसरू नका.

बाकी जुनी करथकबाकी तडजोडीने सोडवण्यासाठी अभय योजना आणता येते. मोठी वादातली रक्कम मिळते कमीच, पण रोख मिळते. सरकारी जमिनी विकून खड्डा भरायचा मोह टाळा, मंदीत जमिनीला भाव नसतो.

पायरी ६: कर्ज काढा, आणि ठरवून काढा

मे २०२० मध्ये केंद्राने राज्यांची कर्जमर्यादा राज्य उत्पन्नाच्या (राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वर्षाच्या एकूण आकाराच्या) ३ टक्क्यांवरून ५ टक्के केली. पहिला अर्धा टक्का बिनशर्त, पुढचा एक टक्का चार सुधारणांना बांधलेला, प्रत्येकी पाव टक्का: एक देश एक रेशनकार्ड, व्यवसाय सुलभता, नागरी संस्थांची जमा आणि वीज वितरण. त्यातल्या तीन पूर्ण केल्या तर शेवटचा अर्धा टक्का. असे पैसे हवे असतील तर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक अटीसाठी एक सचिव जबाबदार करा, शेवटच्या महिन्यात धावपळ करून अटी पूर्ण होत नाहीत.

राज्याचे रोखे रिझर्व्ह बँक साधारण मंगळवारी लिलावाला काढते. त्या वर्षी राज्यांना सरासरी साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याजाने पैसे मिळाले, जे बरेच स्वस्त होते. सगळं कर्ज मार्चमध्ये ढकललंत तर सगळी राज्यं तिथेच उभी असतात आणि व्याज चढतं, म्हणून वर्षभर पसरवा, आणि मुदतीही वेगवेगळ्या ठेवा म्हणजे दहा वर्षांनी एकाच वर्षी फेड येणार नाही. फेडीसाठी बाजूला ठेवलेला निक्षेप निधी असतो, रिझर्व्ह बँकेने मे २०२० मध्ये त्यातून पैसे काढायचे नियमही सैल केले होते. तो याच दिवसासाठी असतो, वापरा.

आता माझा मुख्य मुद्दा. वर्षअखेरीस महाराष्ट्राची राजकोषीय तूट (भांडवली खर्चही धरून एकूण जेवढं कमी पडलं आणि कर्जाने भागवलं ते) होती ७१ हजार ५५८ कोटी, म्हणजे राज्य उत्पन्नाच्या २.६९ टक्के. वाढवलेली मर्यादा तर सोडाच, नेहमीच्या ३ टक्क्यांच्याही आत! आणि हे राज्याची अर्थव्यवस्था आर्थिक पाहणीच्या अंदाजाप्रमाणे ८ टक्क्यांनी आकसलेल्या वर्षी, शेती सोडून सगळं खाली असताना. शिस्त म्हणून याचं कौतुक झालं. मला ते पटत नाही. स्वस्त कर्ज मिळत होतं, परवानगी होती, आणि आपण सहा-सात हजार कोटींची भांडवली कामं कमी केली. ती कामं करूनही आपण ३ टक्क्यांच्या आत राहिलो असतो. पगारासाठी कर्ज काढणं नाइलाज असतो, रस्ता-रुग्णालयासाठी काढणं मंदीत शहाणपणाचं असतं, आणि आपण पहिलं केलं, दुसरं टाळलं.

केंद्राकडून मिळेल ते घ्यायचं हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यांना भांडवली खर्चासाठी ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज जाहीर झालं, एकूण १२ हजार कोटी. रक्कम छोटी, पण असा पैसा सोडायचा नसतो, आणि त्यासाठी तयार कामांची यादी टेबलावर लागते.

पायरी ७: विधिमंडळाला विश्वासात घ्या

हे थोडक्यात. खर्च एका विभागाच्या मंजूर तरतुदीतून दुसऱ्याकडे हलवायचा तर पुरवणी मागण्या (बजेटनंतरच्या जादा खर्चाला विधिमंडळाची मंजुरी) लागतात, फारच तातडीचं असेल तर आकस्मिकता निधी. सप्टेंबर २०२० चं पावसाळी अधिवेशन दोन दिवसांचं झालं, त्यात हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या मंजूर. साथ होती, मान्य. पण निदान सुधारलेला जमेचा अंदाज, कापलेल्या कामांची यादी आणि थकीत बिलं अशी दहा पानं तरी आमदारांच्या हातात द्यायला काय हरकत होती? काय कापलंय हे आमदाराला गावातून फोन आल्यावर कळावं हे बरोबर नाही.

पायरी ८: पुढच्या मंदीची तयारी आत्ता

ही पायरी खरं तर पहिली. २०२० मध्ये आपल्याकडे जीएसटी भरपाईची उशी होती, १४ टक्के वाढ गृहीत धरून केंद्र फरक देत होतं. उशिरा का होईना, भांडून का होईना, कर्जाच्या रूपात का होईना, पण मिळाली. ती हमी ३० जून २०२२ ला संपली. पुढची मंदी आली तर तो सगळा फटका थेट राज्यावर.

आणि आपण निघणार कुठून? २०२५-२६ च्या बजेटात महसुली तूट धरली होती ४५ हजार ८९१ कोटी. कोरोनाच्या वर्षात झालेल्या तुटीपेक्षा जास्त, आणि कुठलीही मंदी नसताना. मान्य, मधल्या काळात राज्याचं उत्पन्न वाढलंय त्यामुळे टक्केवारीत ती कमी दिसते, पण मंदीत कापता येणार नाही असा खर्चही वाढलाय. लाडकी बहीण योजनेला त्या बजेटात ३६ हजार कोटी होते, आणि महिना १५०० रुपये घेणाऱ्या बाईचे पैसे मंदीच्या वर्षात थांबवणं म्हणजे जिला सगळ्यात गरज आहे तिलाच कापणं. म्हणून तो खर्च चालू ठेवायचा असेल तर त्याच्यासाठीची जमा चांगल्या वर्षातच उभी करायला हवी, कर्जातून नाही.

तर चांगल्या वर्षात करायची कामं: निक्षेप निधीत दर वर्षी भर टाका, महामंडळांना दिलेल्या शासन हमीची पूर्ण यादी एका ठिकाणी ठेवा कारण ती कर्जं अडचणीत आली की आपल्याच दारात येतात, पंचवीस-तीस लहान पण मजूरप्रधान कामांचे आराखडे प्रत्येक जिल्ह्यात भूसंपादनासकट तयार ठेवा, आणि अखर्चित निधीच्या खात्यांची यादी दर मार्चला अपडेट करा. पुढचं बजेट आलं की भाषणाच्या आधी 'अर्थसंकल्प संक्षेपात' हे छोटं पुस्तक उघडा, महसुली तूट, भांडवली खर्च आणि व्याज हे तीन आकडे मागच्या तीन वर्षांशेजारी लिहा, आणि तुमच्या आमदाराला विचारा की यातला कुठला आकडा उद्या जमा वीस टक्क्यांनी पडली तर कमी करणार आहात.